रविवार आणि खाडा

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी 'ताणतणावांचे व्यवस्थापन' या विषयावर एक कार्यशाळा झाली. ती रविवारी होती आणि उपस्थिती सक्तीची होती. कामांचा अग्रक्रम कसा लावावा, दीर्घ श्वसन कसे करावे, झोपेची वेळ कशी सांभाळावी हे सारे वक्त्यांनी मनापासून सांगितले. 'नाही म्हणायला शिका' या सूत्रापाशी ते आले तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले. तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी ठेवून आलेल्या त्या मंडळींपैकी एकालाही त्या दिवशी 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने 'बर्नआउट'ला मराठी प्रतिशब्द विचारला. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली हा शब्द कामाच्या संदर्भात रूढ केला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित अवस्था म्हणून केली, एवढे मी तिला सांगू शकलो. प्रतिशब्द मात्र चटकन सुचेना. शीण, थकवा, दमणूक, मेटाकुटीला येणे, पिट्ट्या पडणे. शब्दांची वाण नाही. पण यांतला एकही शब्द त्या अवस्थेला पुरा पडत नाही. उलट अतिश्रमाचा गौरव करणारे वाक्प्रचार आपल्याकडे मुबलक आहेत: रक्ताचे पाणी करणे, हाडांची काडे करणे, घाम गाळणे. विश्रांतीच्या वाट्याला 'विसावा' हा एक सुरेख शब्द आला आणि त्याच्या शेजारी, पाळतीवर ठेवल्यासारखा, 'आळस' येऊन बसला.

आळस हा शब्द पाहणाऱ्याचा असतो. काम करणारा स्वतःच्या थांबण्याला क्वचितच आळस म्हणतो. ते नाव दुसरा कोणीतरी देतो. हे मला नीट उमगले ते मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास वाचताना. कामाचा भार माणसाला मोडून टाकणार नाही अशा बेताने कसा वाहायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात आधुनिक अर्थाने पहिल्यांदा उभा राहिला तो गिरणगावात, आणि त्याची उत्तरेही तिथेच प्रथम शोधली गेली. त्यांतले एक उत्तर आपण अभिमानाने सांगतो. दुसरे हजेरीपटातल्या लाल शाईत गडप झाले.

पहिले उत्तर म्हणजे रविवार. कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या तीस वर्षांत मुंबईत गिरण्यांची रांग उभी राहिली. काम सूर्याच्या घड्याळावर चाले. उजाडले की यंत्रे सुरू, अंधारले की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा आणि मजुरी तेवढीच. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणांच्या मोजक्या सुट्ट्या असत, आणि यंत्रे थांबवलेला रविवार आलाच तर तो पुष्कळदा यंत्रे साफ करण्यात जाई. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांच्या तासांना नऊची मर्यादा घातली. प्रौढ कामगारांविषयी तो गप्प होता.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांचे १८८४ मधील निवेदन वाचावे. लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. ठाण्यात जन्म, काही काळ गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी, आणि १८८० पासून मुंबईहून निघणाऱ्या 'दीनबंधू'चे संपादन. सरकारने नेमलेल्या आयोगापुढे म्हणणे मांडण्यासाठी त्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने एक निवेदन तयार झाले. त्यात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अपंग झाल्यास पोटापाण्याची सोय.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा मजकूर निवेदन म्हणून न वाचता एक संहिता म्हणून वाचावा, असे मला वाटते. तिच्यात थकव्याचे वर्णन नाही. दया भाकलेली नाही. तिच्यात घड्याळ आहे, पंचांग आहे आणि तारीख आहे. थकलेल्या माणसाने काय करावे याविषयी ती अवाक्षर काढत नाही. काम कोठे संपावे एवढेच ती सांगते. पगाराची तारीख विश्रांतीच्या मागणीशेजारी का, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. ज्याचा पगार दीड-दीड महिना अडकलेला असतो त्याला काम सोडता येत नाही, आणि मध्येच थांबताही येत नाही. अडकलेला पगार ही एक प्रकारची बेडीच होती. विश्रांती आणि रोकड यांचा हा संबंध त्या पाच ओळी लिहिणाऱ्यांना स्वच्छ दिसत होता. आमच्या कार्यशाळेत तो कोणी काढला नाही.

पुढची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हाच वार का? राज्यकर्त्यांचा तो प्रार्थनेचा दिवस, सरकारी कचेऱ्यांचा सुट्टीचा दिवस, हे उघडच आहे. पण रविवार खंडोबाचाही वार आहे, आणि लोखंडे यांनी त्या श्रद्धेचा आधार घेतल्याचे सांगितले जाते. मला यातला चतुरपणा आवडतो. साहेबाच्या पंचांगातला दिवस जेजुरीच्या वाटेने आपल्या घरी आणायचा! मागणी परकी ठरत नाही आणि मालकाला ती नाकारणेही अवघड होते.

या मागणीला विरोध कोणाचा होता हे मात्र आपण जरा आडबाजूला ठेवतो. मालकांचा होता, तो समजण्यासारखा. पण त्या काळच्या राष्ट्रीय वृत्तपत्रांनीही, 'केसरी' आणि 'मराठा' यांनीसुद्धा, फॅक्टरी कायद्यांना विरोध केला. मँचेस्टर-लँकेशायरचे गिरणीमालक भारतीय गिरण्यांची स्पर्धा मोडण्यासाठी हे कायदे पुढे रेटत आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. लँकेशायरचा दबाव होताच. पण परळच्या साचेवाल्याला चौदा तासांनंतर जो शीण येई तो काही लँकेशायरने रचलेला नव्हता. देशाचे काम आणि माणसाचा देह यांत देहाने गप्प बसावे, ही अपेक्षा आपल्या सार्वजनिक जीवनात पुढेही पुन्हापुन्हा दिसते. लोखंडे यांनी ती मानली नाही, याचे श्रेय मला त्यांच्या सत्यशोधकी शिकवणीला द्यावेसे वाटते. १८९० च्या फॅक्टरी आयोगाच्या मुंबईतील कामातही त्यांचा सहभाग होता. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांसाठी झटत असतानाच, प्लेगने त्यांचा मृत्यू झाला.

१८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांच्या दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली, मुलांच्या दिवसाला सात तासांची. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मर्यादा नव्हतीच. १८८४ च्या निवेदनातले 'सूर्यास्तापर्यंत' हे शब्द त्यामुळे पोकळ ठरले, कारण थोड्याच वर्षांत गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला अर्थ उरला नाही. १९०५ च्या तेजीच्या काळात काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या. निसर्गाने घातलेली शेवटची मर्यादा एका बटणाने काढून टाकली. (आज रात्री अकराला भ्रमणध्वनीवर विभागप्रमुखांचा निरोप येतो तेव्हा मला हे दिवे आठवतात. तुलना ताणलेली आहे, मान्य. पण अगदीच निराधार नसावी.)

आता दुसरे उत्तर. पंधरा तास सलग काम मानवी देहाला शक्य नाही. मग ते कामगार जगत कसे होते? उत्तर त्या काळच्या अहवालांत जागोजागी विखुरलेले आहे. फक्त ते तक्रारीच्या भाषेत आहे. कामगार साचा सोडून विडी ओढायला जातो. अंघोळीला जातो. कामाच्या वेळात आवारात बसून जेवतो. तेवढ्या वेळात शेजारचा त्याचा साचा सांभाळतो, आणि मग शेजाऱ्याची पाळी येते. गिरण्या त्यासाठी गरजेपेक्षा जास्त माणसे पटावर ठेवत. महिन्यातले काही दिवस माणूस कामावर येतच नाही. याला गिरणगावाच्या भाषेत 'खाडा' म्हणत. एक दिवसाचा खाडा, दोन दिवसांचा खाडा. त्या दिवशी त्याच्या जागी 'बदली' उभा राहतो.

१९०७-०८ च्या फॅक्टरी मजूर आयोगाने हे सारे पाहिले आणि बहुमताने असा कौल दिला की भारतीय कामगाराची वृत्तीच संथपणे, रेंगाळत काम करण्याची आहे. त्यामुळे प्रौढ पुरुषाच्या तासांवर कायद्याने थेट मर्यादा घालू नये. एका सदस्याने भिन्नमतपत्रिका जोडली. ते होते मद्रासचे डॉ. टी. एम. नायर, जे पुढे जस्टिस पक्षाचे एक संस्थापक म्हणून प्रसिद्ध झाले. नायर वैद्यकशास्त्र शिकलेले होते. बहुमताने जे कारण मानले ते त्यांनी परिणाम म्हणून वाचले: दिवस एवढा लांब आहे म्हणून माणूस रेंगाळतो. तास कमी करा, रेंगाळणे आपोआप कमी होईल. पुरावा तोच, गिरण्या त्याच, साक्षीदार तेच. फरक केवळ वाचनाचा. ओळींमधले वाचावे असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा उदाहरण म्हणून कवितेबरोबर ही भिन्नमतपत्रिकाही ठेवायला हरकत नाही. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा अखेर घातली.

खाडा ही मला गिरणगावाची खरी कार्यपद्धती वाटते. ती कोणा एकाची युक्ती नव्हती. एकट्याने खाडा करताच येत नाही. त्यासाठी साचा सांभाळणारा शेजारी लागतो, बदली लागतो, मुकादमाची मर्जी लागते, आणि त्या दिवशीची भाकरी निभावून नेणारे बिऱ्हाड लागते. एका खोलीत दहा-पंधरा गाववाले राहत, त्या खोलीचाच हा भाग होता. शेवटी पाठीशी गाव असे. रत्नागिरीकडचा माणूस आजारी पडला, खंगला, की बोटीने गावी जाई आणि शेताच्या कामाला, शिमग्याला किंवा गणपतीला जोडून महिना-दोन महिने काढून परते. दवाखाना, विमा आणि निवृत्तिवेतन या तिन्ही गोष्टींची उणीव गाव भरून काढत असे. गावाशी असलेले हे नाते तोडू नये, असा सूर १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगानेही आपल्या १९३१ च्या अहवालात लावला.

या चित्राला गोडवा आणण्याचे मात्र कारण नाही. खाड्याची किंमत कापलेल्या पगारात मोजावी लागे. गावाहून परतलेल्याला जागा परत मिळवण्यासाठी मुकादमाचा हात ओला करावा लागे. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहून आज कोणाचा खाडा आहे का, याची वाट पाहणारा माणूस. एकाची विश्रांती ही दुसऱ्याची त्या दिवसापुरती रोजी होती. त्यात सौहार्द किती आणि नाइलाज किती, हे तराजूने तोलता येणार नाही. पण कामाचा भार वाटून घेण्याची एक जिवंत, चालती व्यवस्था होती, आणि तिला व्यवस्थापनाच्या दप्तरात 'बेशिस्त' असे नाव होते.

तासांचा लढा पुढे सरकत गेला. जानेवारी १९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२ च्या कायद्याने देशभर अकरा तासांचा दिवस आणि साठ तासांचा आठवडा ठरवला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तास आटले तसे त्या तासांतले काम दाट होऊ लागले. दोन माग चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, साच्याची एक बाजू पाहणाऱ्याने दोन पाहाव्यात, अशा 'कार्यक्षमता' योजना ससून आणि फिनले समूहांच्या गिरण्यांत सुरू झाल्या. १९२८ चा एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला सार्वत्रिक संप बव्हंशी याच प्रश्नावर पेटला. गिरणी कामगार युनियन त्याच लढ्यात उभी राहिली. संपाचे श्रेय-अपश्रेय, कम्युनिस्टांची भूमिका, फॉसेट समिती, हा सारा तपशील इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर आहे. मला त्यातली एकच बाब इथे हवी आहे. तीन माग चालवणाऱ्याला विडी ओढायला जाता येत नाही. शेजाऱ्याचा माग सांभाळता येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या हाती एक जास्तीचा आहे. म्हणजे घड्याळातून कमी केलेला शीण मागच्या दाराने परत आला, आणि येताना त्याने खाड्याची, शेजारधर्माची ती जुनी सोयही उसवली. मोजता येणारी विश्रांती वाढली आणि न मोजता येणारी संपत गेली.

आपल्या साहित्याने यातले काय टिपले? भा. वि. वरेरकरांची 'धावता धोटा' ही कादंबरी १९३३ ची. अण्णाभाऊ साठे स्वतः गिरणीत राबलेले. नारायण सुर्वे एका गिरणी कामगाराच्या घरात वाढले. त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह १९६६ चा. भोंगा, धोटा, संप, मोर्चा, लाल बावटा यांनी मराठी वाङ्मयाला एक स्वतंत्र प्रतिमाविश्व दिले, यात शंका नाही. पण माझ्या मर्यादित वाचनात कामगार येतो तो लढताना तरी नाहीतर पिचताना. विडी ओढायला बाहेर आलेला, शेजाऱ्याच्या भरवशावर दहा मिनिटे भिंतीला टेकलेला कामगार फारसा भेटत नाही. कदाचित वीररसाला आणि करुणरसाला दोघांनाही तो गैरसोयीचा वाटला असावा. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या मौखिक इतिहासाचे जे पुस्तक २००४ मध्ये सिद्ध केले, त्या प्रकारच्या कामाचे महत्त्व मला म्हणूनच वाटते. आठवणीत माणूस टेकलेलाही असतो.

आणि बायका? १८९० च्या सभेत बोललेल्या त्या दोघींनी रविवार मागितला होता. वाइंडिंग खात्यात काम करणाऱ्या बाईला तो मिळालाही. पण धुणे, दळण, पाणी भरणे यांना आठवड्याचा वार नव्हता. त्याहून वेगळी कहाणी खानावळवाल्यांची. एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना घरातच दोन वेळचे जेवण रांधून घालणाऱ्या या बायका कोणत्याच हजेरीपटावर नव्हत्या. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे त्यांची चूल चाले, म्हणजे तीन पाळ्या आल्यावर ती तीन वेळा पेटू लागली. कामगार रविवारी घरी, म्हणजे त्या दिवशी ताट जास्त आणि मागणीही चमचमीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि या बायकांसाठी बँकेच्या कर्जाची वाट उघडली. सावकार आणि वाणी यांच्या उधारीतून सुटण्याची ती वाट होती. पगाराच्या तारखेची मागणी रविवारशेजारी लिहिणाऱ्यांना हे लगेच कळले असते. पण खानावळवाली कधी टेकत होती, खाडा करायचा झाला तर तिची बदली कोण होत असे, याची नोंद मला कोठे सापडलेली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या उठल्या, खोल्या रिकाम्या झाल्या आणि बहुतेक खानावळींच्या चुलीही विझल्या. प्रतिशब्द विचारणारी ती विद्यार्थिनी मूळची लालबागची आहे. तिची आजी वीस-पंचवीस जणांची खानावळ चालवत असे, हे मला अगदी परवा, बोलण्याच्या ओघात कळले. आजी अजून आहे, आठवणी पक्क्या आहेत, आणि आता ती दुपारी झोपते म्हणून घरच्यांना जरा नवल वाटते. प्रकल्पासाठी तिची मुलाखत घ्यावी असे आम्ही ठरवले आहे. कोणत्या वारी यावे, हे आजीला विचारून ती कळवणार आहे.